मुंबईत कोनिफर लावायचे तर आधी जुलै बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडला सातव्या मजल्यावर घर, दक्षिणेला वरून स्लॅब असलेली बाल्कनी, पश्चिमेला उघडी टेरेस. एक कोपरा थंड हवेच्या ठिकाणासारखा दिसावा म्हणून गेल्या डिसेंबरात एक गोल्डन सायप्रस आणि एक जुनिपर आणलं. सायप्रस पावसाळ्यात वाळून गेलं, जुनिपर आतून तपकिरी होत चाललंय. आता काय लावावं, कसं जपावं, आणि कर्जतच्या प्लॉटला कुंपण म्हणून कोनिफर, म्हणजे सूचिपर्णी, शंकूसारखं फळ धरणारी झाडं, चालतील का?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. मुंबईत घरच्या बागेत मी तीनच कोनिफर बिनधास्त सुचवतो: मोरपंखी, अरॉकेरिया आणि पोडोकार्पस. जुनिपर हौस आणि वेळ दोन्ही असतील तरच. गोल्डन सायप्रस, देवदार, चीड, स्प्रूस यांच्या वाटेला जाऊ नका. डिसेंबरात नर्सरीत हे सगळं एका रांगेत, सारखंच टवटवीत उभं असतं, म्हणून फसायला होतं.

लोकांना वाटतं की ही थंडीची झाडं आपल्या मे महिन्यात मरतात. मेमध्ये ती दमतात हे खरं. झाड दिवसभर जे अन्न तयार करतं त्यातलं काही रात्री श्वसनात खर्च होतं, आणि रात्र जितकी उबदार तितका खर्च जास्त. आपल्याकडे मे-जूनमध्ये रात्रीचं तापमानही 26-27 अंशांच्या आसपासच असतं, म्हणजे झाडाच्या हाती शिल्लक फारशी उरत नाही. अशा अशक्त अवस्थेत ते पावसाळ्यात शिरतं. मुंबईत वर्षाला साधारण 2200 ते 2500 मिलिमीटर पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि एकट्या जुलैत 800 च्या पुढे. कुंडीतली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, आणि मग मूळकूज लावणाऱ्या बुरशीचं फावतं. झाड मरतं ते इथे.

यात आणखी एक गोम आहे. तुळस किंवा जास्वंद तहानली वा कुजू लागली तर पानं लगेच माना टाकतात. कोनिफर तसं करत नाही. त्याची पानं अरुंद, जाड, मेणचट, त्यामुळे मुळं मेल्यावरही कित्येक आठवडे ती हिरवीच दिसतात. मुळं जुलैत कुजतात आणि झाड तपकिरी होतं गणपतीत. तोवर माणूस विसरलेला असतो की तीन आठवडे कुंडीखालच्या बशीत पाणी साचलं होतं. मग दोष जातो परवा घातलेल्या खताला.

तुमच्या गोल्डन सायप्रसचं सांगायचं तर ते मूळचं कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे किनाऱ्यावरचं. तिथे उन्हाळा गार आणि धुक्याचा, आणि पाऊस पडतो तो हिवाळ्यात. आपल्याकडे बरोबर उलटं: ऊब आणि पाणी एकाच वेळी. पान चुरगाळलं की लिंबासारखा वास येतो, रंग सुरेख, म्हणून खपतं भरपूर. बंगळुरू-उटीकडे ते छान राहतं. मुंबईत ते दोन-तीन महिन्यांच्या पुष्पगुच्छासारखं समजून घ्यायचं असेल तर घ्या. पैसे गेल्याचं दुःख तरी होणार नाही. उटी-मनालीहून बॅगेत घालून आणलेल्या रोपांचंही तेच.

म्हणून खरेदीचा माझा नियम साधा आहे. डिसेंबरात कोनिफर घेऊ नका. गणपतीनंतर, पाऊस ओसरला की नर्सरीत जा आणि जे तेव्हा हिरवं आहे ते घ्या. आत्ता ऑक्टोबर आहे, म्हणजे वेळ योग्य आहे. मुंबईतल्या नर्सऱ्यांत येणारी बरीच रोपं बाहेरून येतात, पुण्याकडून, बंगळुरूकडून, आंध्रातल्या कडियमहून. तिथल्या हवेत वाढलेलं रोप ट्रकमधून उतरल्यावर महिनाभर सुंदरच दिसतं. नर्सरीवाल्याला सरळ विचारा, ‘हे इथे एक पावसाळा काढलेलं आहे का?’ तो हो म्हणेलच, म्हणून तुम्ही बघायचं ते असं: पिशवीच्या भोकांतून इथल्या ओल्या जमिनीत मुळं उतरलेली आहेत का, पिशवीवर शेवाळ चढलंय का, शेंड्याला नवी फूट आहे का. खोड धरून हलकेच हलवा. मातीत डगमगत असेल तर ते नुकतंच बदललेलं आहे किंवा मुळं गेलेली आहेत. दोन्ही परिस्थितीत सोडून द्या. फांद्या बाजूला सारून आत पाहा. थोडा तपकिरी कचरा असणारच, पण आतल्या फांद्याच ठिसूळ झाल्या असतील तर बाहेरच्या हिरवेपणावर जाऊ नका.

आता मोरपंखी. शाळेत ‘विद्या’ म्हणून जिची डहाळी पुस्तकात ठेवायचो तीच ही. नर्सरीत तिला थुजा म्हणतात, पण आजचं शास्त्रीय नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस; मूळची चीन-कोरियाकडची. खरी थुजा, म्हणजे उत्तर अमेरिकेतली थुजा ऑक्सिडेंटॅलिस, वेगळी आणि मुंबईला न मानवणारी. ओळखायला सोपं आहे. मोरपंखीचे पंखे उभे असतात, दोन्ही बाजूंनी सारखेच हिरवे, आणि चुरगाळल्यावर वास जवळजवळ नाहीच. खऱ्या थुजाचे पंखे आडवे पसरतात आणि वास चांगलाच तीव्र. मोरपंखीला छोटी निळसर, आकड्यासारखी टोकं असलेली फळं धरलेली दिसली तर शंका घ्यायचं कारणच नाही.

मोरपंखीला ऊन हवं, निदान चार-पाच तास थेट. सावलीत ती मरत नाही, पण विरळ होते, मधून फाटते आणि वाईट दिसते. तिचे दोन प्रकार सर्रास मिळतात: उंच, शंकूच्या आकाराची, आणि गोल, सोनेरी छटेची बुटकी. तुमच्या पश्चिमेच्या टेरेसवर दोन्ही चालतील. गोल बुटकी जास्त सोपी, कारण वाऱ्यात लोळत नाही. नर्सरीवाले वास्तूचा हवाला देऊन सांगतात की ही जोडीनेच दारापुढे लावायची. झाडाला त्याने काही फरक पडत नाही, नर्सरीवाल्याला पडतो.

छाटणीबद्दल मात्र नीट ऐका, कारण माळी इथेच घोटाळा करतात. मोरपंखी, जुनिपर, सायप्रस या कुळातल्या झाडांना जुन्या, उघड्या लाकडावर नवी फूट येत नाही. मेंदीचं कुंपण छाटावं तसं कात्रीने खोल कापलं की तिथे कायमचं तपकिरी भगदाड. छाटायचं ते फक्त हिरव्या भागात, थोडं थोडं, पाऊस संपल्यावर एकदा आणि फेब्रुवारीत एकदा. भर पावसात कापू नका. ओल्या जखमांमधून रोग शिरतात. आणि वर्षातून दोनदा दोन्ही हातांनी पंखे बाजूला करून आतला वाळलेला कचरा झटकून काढा. तो नैसर्गिकच असतो, जुनी पानं आतल्या आत गळतात. पण मुंबईत तो ओला राहून कुजतो आणि वारा खेळू देत नाही. हे पाच मिनिटांचं काम कुठल्याही औषधापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

अरॉकेरिया म्हणजे ज्याला सगळे ख्रिसमस ट्री म्हणतात ते. चाकाच्या आऱ्यांसारख्या फांद्यांचे मजले एकावर एक. आपल्याकडे विकलं जातं ते बहुतेक वेळा कुक पाइन, अरॉकेरिया कॉलम्नॅरिस, जरी लेबलवर नॉरफोक पाइन लिहिलेलं असलं तरी. हे न्यू कॅलेडोनिया या उष्णकटिबंधातल्या बेटांवरचं, समुद्रकाठचं झाड. ऊब, दमट हवा आणि खारा वारा ही त्याची घरचीच परिस्थिती. वरळी, वर्सोवा, वांद्र्याला समुद्राकडे तोंड असलेल्या गच्चीवर दुसरं काही टिकत नसेल तेव्हा मी हेच देतो. खरी पाइन नाही ते, पण तुम्हाला जो डोंगरावरचा भास हवाय तो या एका झाडाने होतो.

त्याच्या दोन-तीन खोडी आहेत. खालचा मजला एकदा वाळून गळाला की तो पुन्हा येत नाही, त्यामुळे पाणी चुकवणं, अंधारात ठेवणं, एसीच्या झोतासमोर ठेवणं याची खूण झाडावर जन्मभर राहते. शेंडा मोडला तर बाजूची फांदी वळून शेंड्याची जागा घेत नाही. खोडातून नवी उभी फूट यावी लागते, आणि ती बहुधा एकापेक्षा जास्त येते. म्हणजे तो सुबक आकार गेला. बाजूच्या फांदीचं कलम लावलं तर ते आडवंच वाढत राहतं, उभं झाड कधी होत नाही, तेव्हा कुणी ‘फांदीपासून रोप करून देतो’ म्हणालं तर घेऊ नका. आणि कुंडीतलं झाड प्रकाशाकडे कलतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी कुंडी पाव वळसा फिरवायची.

या कलण्याचीही एक गंमत आहे. 2017 साली काही संशोधकांनी पाच खंडांवरची कुक पाइन मोजली, तेव्हा लक्षात आलं की उत्तर गोलार्धातली झाडं दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धातली उत्तरेकडे झुकलेली असतात, सरासरी साडेआठ अंशांच्या आसपास. विषुववृत्तापासून जितकं लांब तितका कल जास्त. म्हणजे कर्जतला जमिनीत लावलंत आणि पुढे दहा-पंधरा वर्षांनी ते दक्षिणेला झुकलेलं दिसलं, तर माळ्याला बोल लावू नका.

14-16 इंची कुंडीत ते वर्षानुवर्षं राहतं, वाढ धिमी ठेवतं. छताला टेकायला लागलं की शेंड्याची गुटी बांधून, म्हणजे झाडावरच त्याला मुळं फोडून, वेगळं रोप करता येतं. शेंड्याची गुटी उभीच वाढते. पण उरलेल्या बुडख्याला बहुशेंडी फूट येणार हे धरून चाला.

पोडोकार्पस कमी लोकांना माहीत आहे आणि मला ते तिघांत सगळ्यात कामाचं वाटतं. अरुंद, लांबट, चकचकीत गडद पानं. नवी फूट पोपटी. कोनिफर असून त्याला शंकूसारखं फळ दिसत नाही, मांसल देठावर एक बी धरतं, तेही फक्त मादी झाडाला. अर्धी सावली चालते, दमट हवा चालते, आणि वरच्या दोघांपेक्षा वेगळं म्हणजे कात्री चालते: जुन्या लाकडावरही फुटतं. तुमच्या दक्षिणेच्या बाल्कनीत हेच. ओळीने चार कुंड्या ठेवल्या तर समोरच्या इमारतीच्या खिडक्या झाकणारा पडदा होतो. वाढ संथ आहे, त्यामुळे थोडं मोठं रोप घ्या, इथे काटकसर करू नका. आपल्या दक्षिण भारतात नैसर्गिकपणे वाढणारं एकमेव कोनिफर याच कुळातलं आहे, नागेइया वालिचियाना, केरळ-तमिळनाडूकडच्या घाटातलं. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत मात्र कुठलंच कोनिफर स्वतःहून उगवत नाही. आपल्या हवेबद्दल यातूनच बरंच कळतं.

बाल्कनीचा मुद्दा आलाय तर दक्षिणेच्या उन्हाबद्दल बोलू, कारण तुमच्या जुनिपरचं अर्धं दुखणं तिथे आहे. मुंबई 19 अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शून्य सावलीचे दिवस म्हणतात ते याच काळाच्या दोन टोकांना येतात. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेला चांगलाच खाली उतरतो आणि स्लॅबखालच्या बाल्कनीत आतपर्यंत ऊन येतं. तुम्ही डिसेंबरात बघितलंत, भरपूर ऊन होतं, जुनिपर तिथे ठेवलंत. एप्रिलनंतर ते ऊन निघून गेलं, जूनपासून ढग आले. ऊन खाणारं झाड चार-पाच महिने सावलीत आणि ओलीत बसलं. दक्षिणेची झाकलेली बाल्कनी हिवाळ्यात उन्हाची आणि पावसाळ्यात सावलीची असते, हे धरूनच झाड निवडायचं.

आता ते जुनिपर वाचेल का? खोडाची साल नखाने जरा खरवडा. खाली हिरवं-ओलसर असेल तर जीव आहे. मग कुंडीतून गोळा काढून मुळं बघा. चांगली मुळं फिकट आणि टणक, कुजलेली काळी, आणि बोटात धरून ओढली की वरचं साल सुटून आत दोरा उरतो. मुळं चांगली असतील तर दुसरा संशयित लाल कोळी, रस शोषणारी अगदी बारीक कीड. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर तोच. हा उन्हाळ्यात, धुळीत वाढतो, आणि सध्या मुंबईत जिकडेतिकडे इमारती पाडून बांधायचं काम चालू असल्यामुळे धुळीला तोटा नाही. सकाळी पाइपने जोरदार फवारा, आतून-बाहेरून, आठवड्यातून दोनदा. महिनाभर हे केलं तर बरेचदा औषध लागत नाही. लागलंच तर लिटरला 5 मिली कडुलिंबाचं तेल, त्यात थोडा सौम्य साबण, संध्याकाळी उन्हं गेल्यावर. निळसर छटेच्या झाडांवर तेल मारू नका, तो निळेपणा म्हणजे वरचा मेणाचा थर आणि तेलाने तो निघून जातो.

मुळं काळी असतील तर बुरशीनाशकं ओतत बसू नका. ओतलेलं औषध म्हणजे आणखी पाणीच. कुजकी मुळं कापा, कोरड्या खडबडीत मिश्रणात लहान कुंडीत लावा, पश्चिमेच्या टेरेसवर दुपारच्या उन्हापासून आडोशाला ठेवा आणि वाट बघा. निम्म्याहून जास्त झाड तपकिरी असेल तर माझा सल्ला, सोडून द्या. तपकिरी झालेली बाजू पुन्हा हिरवी होत नाही.

माती हा सगळ्या प्रकरणाचा कणा आहे, म्हणून इथे जरा थांबू. नर्सरीतली लाल माती पिशवीत ठीक, पण दोन पावसाळ्यांत ती दाबून विटेसारखी होते. उलट नुसतं कोकोपीट घातलं की मेमध्ये सोय वाटते आणि जुलैत ते ओल्या बोळ्यासारखं राहतं. मी वापरतो ते मिश्रण: तीन भाग खडबडीत माल, दोन भाग चाळलेली लाल माती, एक भाग चांगलं मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत. खडबडीत माल म्हणजे विटांचे चण्याएवढे तुकडे, धुतलेली जाड रेती किंवा बारीक खडी. महत्त्वाचं हे की त्यातली भुकटी चाळून टाकायची, नाहीतर तीच खाली बसून गाळ होते. कोकोपीट घालायचंच तर मूठभर. मिश्रण जमलंय का हे बघायला भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओता. वर तळं न होता अर्ध्या मिनिटात खालून यायला लागलं पाहिजे.

कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर घालायची सवय सोडा. बारीक मातीतलं पाणी खालच्या खडीत सहजासहजी उतरत नाही, वरच अडून राहतं, आणि ओली पट्टी उलट मुळांच्या जवळ येते. भोकावर एक खापरी पुरे, तीही माती वाहू नये म्हणून. भोकं मात्र मोठी आणि निदान चार-पाच. आणि कुंडी जमिनीला चिकटलेली नको, विटांच्या तीन तुकड्यांवर उचललेली हवी. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या बशा काढून कपाटात टाका. झाडासाठी तर आहेच, पण डासांच्या अळ्या सापडल्या की पालिकेची नोटीस येते ती वेगळी.

आणखी एक, रोप लावताना पिशवीत मातीची जी पातळी होती तीच कुंडीत ठेवायची. खोड इंचभर जास्त पुरलं तरी सालीपाशी कूज सुरू होते. पिशवीतला गोळा चिकट मातीचा असेल तर बाहेरच्या बाजूने काटकीने हलकेच मोकळा करा, पण मुळं धुऊन उघडी करू नका.

पावसाळ्यात कुंड्या भिंतीलगत, जिथे वरच्या छज्जामुळे पावसाचा मारा कमी, तिथे सरकवा. अरॉकेरियाला उघड्यावर ठेवलं तरी चालतं, मोरपंखीला नाही. उंच झाडं कठड्याला काथ्याने बांधा. जुलैतल्या एका सरीत चार फुटी मोरपंखी कुंडीसकट आडवी होते. कठड्यावर कुंडी ठेवायची नाही, हे सातव्या मजल्यावरच्या माणसाला सांगायला नको, तरी सांगतो. वजनाचाही विचार करा. 16 इंची कुंडी ओल्या मातीसकट 50 किलोच्या आसपास जाते. अशा आठ-दहा कुंड्या टेरेसच्या मधोमध मांडण्याऐवजी कडेला, बीमच्या बाजूला ठेवा, आणि वॉटरप्रूफिंग जुनं असेल तर आधी सोसायटीशी बोला. खालच्या घरात गळती झाली की दोष झाडांवरच येतो, खरा असो वा नसो.

पाण्याचं म्हणाल तर वेळापत्रक नको. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर द्या, भरपूर द्या, खालून वाहीपर्यंत. मेमध्ये रोज लागेल, जुलैत महिनाभर नाहीही लागणार. पालिकेचं तलावांचं पाणी झाडांना चांगलं. उन्हाळ्यात टँकर येत असेल तर बोअरवेलच्या क्षाराने पानांची टोकं करपतात; अशा वेळी पहिल्या मोठ्या पावसात कुंडी एकदा उघड्यावर ठेवून धुवून निघू द्या, मग आडोशाला. खत कमीच: ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत मूठभर गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड. युरिया अजिबात नाही. ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणारी उपयोगी बुरशी) मे अखेरीस खतात मिसळून घातलं तर चांगलं, कूज लागल्यावर घालून विशेष काही होत नाही.

तुम्हाला सोनेरी रंगच हवा असेल, कारण सायप्रस तुम्ही त्यासाठीच आणलं असणार, तर गोल्डन बॉटलब्रश बघा. कोनिफर नाही ते, मेलाल्युका आहे, पण बारीक सोनेरी पानांचा भरगच्च शंकू होतो आणि मुंबईचं ऊन, पाऊस दोन्ही सहज काढतो. पाइनच्या सुयांसारखं काही हवं असेल तर सुरू. अलिबाग, किहीम, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत ती याचीच. दिसतो कोनिफर, आहे फुलझाडांतला. कुंडीत छाटून ठेवला की बोन्सायवाले त्याला पाइनच्या जागी वापरतात. रसेलियाच्या हिरव्या झुपक्यांनीही तो पोत येतो. सायकस मात्र कोनिफरच्या रांगेत विकतात म्हणून उचलू नका. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर नकोच, त्याच्या बिया विशेषतः विषारी असतात.

मांडणी. हिल स्टेशनचा भास करायला झाडं जास्त लागत नाहीत, उंचीतला फरक लागतो. पश्चिमेच्या टेरेसच्या वायव्येकडच्या कोपऱ्यात एक अरॉकेरिया, तुमच्या खांद्याएवढा. त्याच्या पुढे थोडं बाजूला एक गोल मोरपंखी, मधोमध नाही. मागे भिंत फिकट असेल तर गडद पोडोकार्पस एक. बस. सगळ्यांच्या पायाशी, सावली पडेल तिथे, साधं नेफ्रोलेपिस फर्न आणि नदीतले गोटे. कोनिफरची ओळ लावली की ऑफिसच्या लॉबीसारखं दिसतं, आणि एक झाड गेलं की ओळीतलं ते खिंडार जाणवत राहतं. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं तेव्हा मजल्यामजल्याच्या फांद्यांची सावली भिंतीवर पडते, त्यासाठी मागची जागा रिकामी सोडा. कुंड्या एकाच रंगाच्या घ्या, मातीच्या असल्या तर उत्तम, कारण त्यांच्या भिंतीतूनही ओल बाहेर जाते.

डिसेंबरात अरॉकेरिया घरात आणणार असाल तर आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त नको. छोटे एलईडी दिवे चालतील, जड गोळे नकोत, चमकीचा स्प्रे तर नकोच. आत असताना खिडकीजवळ, एसी बंद. परत बाहेर नेताना दोन दिवस सावलीत ठेवून मग उन्हात.

शेवटी कर्जत. तिथे पाऊस मुंबईपेक्षाही जास्त आणि जमीन बरेचदा पाणी धरून ठेवणारी. मोरपंखीचं कुंपण होतं, पण पूर्ण कुंपण मी करणार नाही. पाऊस ओसरताना, म्हणजे आत्ता ते नोव्हेंबरपर्यंत, जमिनीपेक्षा फूटभर उंच वरंबा करून त्यावर तीन-तीन फुटांवर लावली तर टिकते. सपाट खड्ड्यात लावली तर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात मधली चार झाडं जातात, आणि त्या मापाची नवी आणून भरता येत नाहीत. त्यापेक्षा फाटकाच्या दोन्ही बाजूंना थोडी मोरपंखी, आणि बाकी कुंपणाला निर्गुडी, अडुळसा, करवंद. त्यांना कुणी जपावं लागत नाही, करवंदातून गुरंही आत येत नाहीत.

अरॉकेरिया तिथे जमिनीत जरूर लावा, एकच, घरापासून आणि विजेच्या तारांपासून 25 फूट तरी लांब. तो साठ फूट सहज जातो. मुलुंडच्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये लावायचा मोह झाला तर मात्र थांबा. महाराष्ट्राचा 1975 चा नागरी वृक्षसंरक्षण कायदा मुंबईला लागू आहे; पुढे तो इमारतीला टेकायला लागला तर वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येणार नाही, आणि शेंडा कापून ठेवला तर काय होतं ते वर सांगितलंच आहे.